कोकमाचे औषधी उपयोग

कोकम (गार्सिनिया इंडिका) हा कोकण, गोवा आणि त्याखाली कर्नाटक-केरळच्या किनारपट्टीत वाढणारा सदाहरित वृक्ष. नर व मादी झाडे वेगळी असतात. फळ मादीलाच धरते. एप्रिल-मेमध्ये पिकणाऱ्या लालजांभळ्या फळाला कोकणात रातांबा, तर गोव्यात भिरंड म्हणतात. आयुर्वेदातील ‘वृक्षाम्ल’ ते हेच, असे सामान्यतः मानले जाते.

फळाची साल त्याच्याच खारवलेल्या रसात पुन्हापुन्हा बुडवून कडक उन्हात वाळवली की आमसूल होते. अंगावर पित्त उठले, गांधी आल्या की आमसुले पाण्यात कोळून ते पाणी अंगाला चोळायचे, हा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक असलेला उपाय. त्याने खाज शमते असा अनुभव सांगतात. मात्र ओठ-डोळे सुजले किंवा धाप लागली, तर आमसुलावर विसंबू नये, तडक दवाखाना गाठावा. उन्हाळी लागल्यावर कोकम सरबत आणि जड जेवणावर सोलकढी घेण्याची रीतही जुनीच.

रातांब्याच्या बियांचे तेल एरवीही घट्टच असते. बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारी चरबी काढून निवत असताना मुठीत वळतात. हे मुठेल. टाचांच्या भेगांवर ते किंचित गरम करून भरले जाते. गरम केल्याने ते विरघळते आणि भेगेत बसते. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असते, म्हणून मलमे व सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांनाही ते हवे असते. कोकमाचा हा सर्वांत भरवशाचा उपयोग म्हणायला हरकत नाही.

सालीत अँथोसायनिन ही रंगद्रव्ये, गार्सिनॉल आणि हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते. गार्सिनॉलचे दाहशामक गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत. पण प्रयोगशाळा म्हणजे रुग्ण नव्हे. हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाच्या नावावर वजन घटवणाऱ्या गोळ्या खपतात. त्या बहुधा कोकमाच्या भाऊबंदाच्या, मलबारी चिंचेच्या अर्काच्या असतात. 1998 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत या अर्काने वजन घटल्याचे आढळले नाही. उलट अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ताटातल्या आमसुलाला त्या लागू होत नाहीत.

बाटलीतल्या कोकमाचे पथ्य मात्र वेगळे. अमृत कोकम साखरेत मुरवलेले असते, ते मधुमेहींनी टाळावे; आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, खारट असते, तेव्हा रक्तदाब असणाऱ्यांनी ते बेतानेच घ्यावे.