पोलाद मिळेना म्हणून बुचाची टाच

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये २०१४ साली एप्रिल ते जुलै इटालियन फॅशनचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. इटली म्हटलं की आपल्याला वाटतं गोष्ट फ्लॉरेन्सवर राज्य केलेल्या मेडिची घराण्यापासून सुरू होणार, पण प्रदर्शनवाल्यांनी सुरुवात धरली थेट १९४५. आणि ते बरोबरच होतं, कारण त्याआधी फॅशन म्हणजे पॅरिस, इटलीतले शिंपी बऱ्याचदा तिकडचेच डिझाइन उतरवून काढायचे. हात यांचा, नाव त्यांचं.

कारागिरी मात्र आधीपासून होतीच. कोमोचं रेशीम, बिएल्लाची लोकर, प्रातोत तर जुन्या लोकरी चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढायचे (आपल्याकडे पानिपतला चालतं तेच). आणि फ्लॉरेन्सचं चामडं.

आता साल्वातोरे फेरागामोचंच बघा. हा माणूस हॉलिवूडच्या नट्यांचे बूट बनवून १९२७ मध्ये फ्लॉरेन्सला परतला. पुढे मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला, इटलीवर निर्बंध आले आणि बुटाच्या कमानीखाली लागणारी चांगली पोलादी पट्टी मिळेनाशी झाली, मग याने सार्डिनियाचं बूच घेतलं, तुकड्याला तुकडा चिकटवत टाच आणि तळव्यामधली सगळी पोकळी भरली आणि कडेने तासून आकार दिला. झाली वेज हील! वरच्या भागाला चामडं नाही तर चॉकलेटच्या वेष्टनासारखा सेलोफेन कागद पिळून वापरला. आज आपण ज्याला स्टाइल म्हणतो ती तेव्हा निव्वळ टंचाई होती. गुच्चीची १९४७ची बांबूच्या मुठीची बॅग पण त्याच जातीची, सामान मिळत नाही तर बांबू गरम करून वाकवा.

युद्धानंतर मार्शल योजनेतून, म्हणजे युरोपला उभं करण्यासाठीच्या अमेरिकी मदतीतून, कापूस आणि मशिनरी आली, गिरण्या उभ्या राहिल्या, पण माल विकायचा कुणाला? इथे येतो जोवान्नी बात्तिस्ता जॉर्जिनी. डिझायनर नाही बरं का, अमेरिकन स्टोअर्सना इटलीतला माल शोधून देणारा एजंट. अमेरिकन खरेदीदार पॅरिसचे शो बघायला युरोपात येतातच हे त्याला माहीत होतं, म्हणून १२ फेब्रुवारी १९५१ ला, पॅरिस संपता संपता, त्याने फ्लॉरेन्समधल्या स्वतःच्या घरी, व्हिला तोर्रिजानीत, शो ठेवला. खरेदीदार आले हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. डिझायनर होते सिमोनेत्ता, फाबियानी, फोंताना भगिनी, एमिलिओ पुच्ची वगैरे. त्यांना अट एकच, पॅरिसची नक्कल चालणार नाही. १९५२ पासून हेच शो पिट्टी राजवाड्यातल्या झुंबरांच्या पांढऱ्या दालनात, साला बियांकात भरू लागले. माझ्या मते इटालियन फॅशनचा खरा शोध या एजंटने लावला, कपडे तर आधीपासून शिवले जातच होते.

नंतर सत्तरच्या दशकात केंद्र मिलानला सरकलं, कारण गिरण्या, रेडिमेडचे कारखाने आणि मासिकं सगळी तिकडेच. डिझायनर जॉर्जिओ अर्मानीने १९७५ मध्ये स्वतःची कंपनी काढली, ब्लेझरमधलं आतलं कडक अस्तर काढून टाकलं, पुढचं सगळ्यांना माहितीये.

त्याच मिलानमध्ये जून २०२५ ला प्राडा या इटालियन कंपनीच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल आली. मूळ कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय (ठरावीक प्रदेशाच्या मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन) आहे, पण तिथे कोल्हापूरचं नाव कुठेच नाही. आपल्याकडे बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं आणि डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. जॉर्जिनीने पंचाहत्तर वर्षांपूर्वी पॅरिसबद्दल जी अट घातली होती ती मिलानवाले विसरले असावेत.