बॉम्ब न टाकणारे बॉम्बर : सिम्युलेटरवरच्या जुन्या विमानांची पार्श्वभूमी

घरच्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर उडवणाऱ्यांसाठी बी-१७, बी-२९, लँकेस्टर अशी दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बफेकी विमानं ॲड-ऑन (मूळ सिम्युलेटरला वरून जोडायची भर) म्हणून गेली पंचवीसेक वर्षं मिळत आली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये आता युद्ध नाही. त्यामुळे ज्या कामासाठी ही विमानं बांधली गेली, तेच काम तिथे जवळजवळ गैरहजर असतं. तरीही लोक तासन्‌तास ती उडवतात. असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

ब्रूस आर्टविक यांनी लिहिलेला मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आला. त्यात सेसना हे छोटं नागरी विमान होतं आणि जोडीला पहिल्या महायुद्धावरचा एक छोटासा लढाईचा खेळही होता. पुढे दोन वाटा फुटल्या. मायक्रोप्रोजच्या १९९२ मधल्या ‘बी-१७ फ्लाइंग फोर्ट्रेस’मध्ये दहा जणांचं कर्मचारीमंडळ, पंचवीस मोहिमा आणि नॉर्डन बॉम्बसाइट (बॉम्बचा नेम साधायचं उपकरण) होती, तिथे भर माणसांवर आणि मोहिमेवर होता. मायक्रोसॉफ्टची वाट मात्र उड्डाणाची राहिली, आणि ॲड-ऑनचं जग वाढलं ते या दुसऱ्या वाटेवर.

त्याचं कारण तांत्रिक होतं. या सिम्युलेटरमध्ये प्रत्येक विमानाचं स्वतंत्र फोल्डर असे. आकार, रंग, उड्डाणाचे आकडे, आवाज सगळं वेगवेगळ्या फायलींत, आणि त्या कुणालाही बदलता येत. २००१ मधल्या फ्लाइट सिम्युलेटर २००२ च्या प्रोफेशनल आवृत्तीसोबत जीमॅक्स हे मॉडेल बनवायचं साधन आलं. मग हौशी मंडळी घरी बसून विमानं घडवू लागली. त्यातली कितीतरी फुकट वाटली गेली, काही सीडीच्या खोक्यांतून विकली गेली.

२००३ च्या ‘अ सेंच्युरी ऑफ फ्लाइट’ या आवृत्तीत खुद्द मायक्रोसॉफ्टने विकर्स व्हिमी दिलं. हे विमान बॉम्बर म्हणूनच घडवलेलं, पण पहिलं महायुद्ध संपेपर्यंत त्याला लढाईत उतरायला मिळालं नाही. त्याची ख्याती झाली ती शांततेत : १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन यांनी त्यातूनच न थांबता अटलांटिक ओलांडला. सिम्युलेटरवरच्या बॉम्बरांचं पुढे जे झालं, ते मला या विमानात आधीच दिसतं.

खरा पालट ए-टू-ए सिम्युलेशन्स या कंपनीच्या ॲक्यु-सिम पद्धतीने आणला. तोवर थ्रॉटल पुढे सारला की चारही इंजिनं निमूट ताकद देत. इथे बी-१७ च्या प्रत्येक इंजिनाला स्वभाव आला. खऱ्या विमानात १२०० अश्वशक्तीची चार राइट सायक्लोन इंजिनं, प्रत्येकाला उंचावरच्या विरळ हवेतही ताकद टिकवणारा टर्बो-सुपरचार्जर. तेल गार असताना जोर लावला, काउल फ्लॅप (इंजिन गार ठेवणाऱ्या झडपा) वेळेवर उघडले नाहीत, की इंजिनाची झीज होते. ही झीज पुढच्या उड्डाणापर्यंत लक्षात ठेवली जाते. विमान हँगरमध्ये नेऊन दुरुस्त करावं लागतं. दहा माणसांचं काम एकट्याच्या अंगावर येतं, म्हणून आभासी सहकारीही दिलेले आहेत. माझ्या मते बॉम्बरचं खरं जगणं इथेच हाती लागतं. वैमानिकाला लक्ष्यावरच्या काही मिनिटांच्या मानाने कित्येक तास तापमान, दाब आणि इंधन सांभाळायचं असे. नॉर्डन बॉम्बसाइट ऑटोपायलटला जोडली की लक्ष्यावर जाताना तर विमान बॉम्बार्डियरच्या, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्याच्या, हाती जाई.

चेकलिस्टची शिस्तही याच विमानाच्या घराण्यातून आली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतल्या राइट फील्ड या विमानतळावर बोइंगचं मॉडेल २९९, म्हणजे बी-१७ चं मूळ रूप, उड्डाण करताच कोसळलं. जमिनीवर असताना वाऱ्याने सुकाणू हलू नये म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे लेस टॉवर यांचे प्राण गेले. यंत्र एकट्याच्या स्मरणशक्तीला झेपण्यापलीकडे गेलं आहे, हे ओळखून वैमानिकांच्या हाती लेखी यादी आली. सिम्युलेटरवर ती यादी ओळीने वाचत बसलं की तिची किंमत कळते.

दरम्यान खरी विमानं झपाट्याने कमी होत गेली. ७३७७ लँकेस्टर बांधली गेली; आज उडणारी दोन, एक ब्रिटनमध्ये, एक कॅनडात. बारा हजारांवर बी-१७ झाली. त्यांपैकी ‘नाइन-ओ-नाइन’ २०१९ मध्ये कनेटिकटला कोसळलं, ‘टेक्सास रेडर्स’ २०२२ मध्ये डॅलसच्या हवाई प्रदर्शनात दुसरं विमान आदळून कोसळलं. पुढच्या वर्षी पंखांच्या जोडांच्या तपासणीसाठी उरलेलीही जमिनीवर आली. आवाज रेकॉर्ड करायला, गेज कसं थरथरतं ते पाहायला जिवंत विमान मिळणं दिवसेंदिवस अवघड होत आहे.

लिबरेटर या अमेरिकी बॉम्बरच्या बाबतीत या साखळीत आपलाही दुवा आहे. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला मोडतोड करून टाकून दिलेली बी-२४ लिबरेटर हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी पुन्हा उडती केली. चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बेंगळुरूला नेली. पुण्याच्या लोहगाव तळावरून वायुदलाच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरली आणि १९६८ मध्ये निवृत्त केली. जगभरच्या संग्रहालयांत आज असलेल्या लिबरेटरपैकी बरीचशी याच ताफ्यातली. लंडनच्या आरएएफ म्युझियममधलंही भारताने दिलेलं. मॉडेल घडवणारा तिथे जाऊन जे रिव्हेट मोजेल, जी पॅनेलं टिपेल, ती आपल्या वायुदलात सेवा केलेल्या विमानाची असतील.

सिम्युलेटरवर लोहगावची धावपट्टी आहेच. आता हवं आहे ते बी-१७ च्या तोडीने घडवलेलं लिबरेटर, आणि त्यावर केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळाचा रंगसाज चढवणारे पुण्याचे कुणी हात.