दमलात की तळाला लागलात?

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ढोल पथकातल्या कुणालाही गाठा. खांदे गेलेले, कमरेवर दोरीचा वळ, बोटांना पट्ट्या. पुण्याची विसर्जन मिरवणूक हल्ली तीसेक तास चालते. त्यातला आपल्या वाट्याचा तुकडा बेलबाग चौक ते टिळक चौक एवढाच असला, तरी माणूस पिळून निघतो. पण तोच माणूस चहाचा घोट घेत म्हणतो, "पुढच्या वर्षी अजून चार ताशे पाहिजेत." हा थकवा. दोन दिवस झोप काढली, वरणभात पोटात गेला, की उतरतो.

बर्नआउट, म्हणजे आतून करपून जाणं, मला मिरवणुकीनंतर नाही, जूनमध्ये कळला. पथकप्रमुख म्हणून पाचवं वर्ष. नदीपात्रातला सराव सुरू व्हायला आठवडा होता आणि अंग ठणठणीत होतं. एका नव्या मुलीचा मेसेज आला, "दादा, मला ताशा शिकायचाय. जमेल का?" एरवी मी तिच्याशी अर्धा तास बोललो असतो. त्या दिवशी मनात आलं, 'आली अजून एक, फोटोपुरती.' फोन पालथा घालून ठेवला.

दमलेला माणूस चिडतो, पण त्याला माणसं नकोशी होत नाहीत. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउटची तीन अंगं सांगितली: शक्ती संपणं, लोकांबद्दल कोरडेपणा येणं आणि 'आपल्याच्यानं काही होत नाही' असं वाटणं. थकव्यात बहुधा पहिलंच असतं. दूध उतू गेलेलं लगेच दिसतं, तळाला लागलेलं मात्र वास आल्यावरच कळतं.

गंमत म्हणजे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेवर लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातले स्वयंसेवक पाहून. म्हणजे आमच्यासारखीच हौसेनं राबणारी मंडळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार नाही, कामाच्या जागी न आवरलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम आहे. बिनपगारी पथकप्रमुख त्यात बसतो का, यावर पुणेकर दोन तास वाद घालतील.

मी केली ती चूक बहुतेक प्रमुख करतात: थकव्याचं औषध बर्नआउटला दिलं. तीन दिवस कोकणात जाऊन आलो. परतल्यावर ग्रुपवर १४० मेसेज. परवानगीचं काय झालं, ढोलाचं पान फुटलंय, वर्गणी कुणाकडे द्यायची, आणि एका आईचा फोन, "याला नऊच्या आत सोडा हो." तास जास्त नव्हते, प्रत्येक दोरी माझ्याच हातात होती. शिवाय सगळ्यांना चेव आणायचा तो मीच, मला विचारणारं कुणी नाही.

मग ताशांची तुकडी एका मुलाकडे सोपवली. 'करून मला दाखव' असं नाही, पूर्ण सोपवली. परवानग्या दुसऱ्याकडे. आठवड्यातले दोन दिवस मी शिट्टी घरी ठेवून रांगेत नुसता ढोल वाजवू लागलो. (पथकाबाहेरही कशातच रस उरला नसेल, झोप उडाली असेल, तर मात्र डॉक्टर गाठा. ते प्रकरण वेगळं असू शकतं.)

पहिल्याच शनिवारी त्या मुलानं ताल बदलायची शिट्टी दोन ठेके आधी मारली. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी खाली पानाकडे बघत वाजवत राहिलो.