मूर्त मत्ता, कौटुंबिक

कुटुंबाने रोजच्या खपासाठी नव्हे, तर अनेक वर्षे उपयोग घेता यावा म्हणून जवळ बाळगलेल्या भौतिक वस्तूंना ही संज्ञा लावतात. हत्यारे व अवजारे, शिवणयंत्र, विहीर, पाण्याची टाकी, घरगुती वीजनिर्मितीची साधने, बियाणे, टिकाऊ भांडी, ग्रंथ आणि मौल्यवान धातू हे तिचे मुख्य प्रकार होत. स्थावर व जंगम या परिचित कायदेशीर विभागणीशी ती तंतोतंत जुळत नाही. कारण वस्तू हलवता येते की नाही याला येथे महत्त्व नसून तिच्यामुळे घराला बाहेरून विकत घ्यावे लागणारे काम किती आणि किती काळ वाचते, हे पाहिले जाते.

या विचाराचे सर्वांत जुने सुसंगत विवेचन ग्रीक लेखनात आढळते. झेनोफनच्या गृहव्यवस्थेवरील संवादाचा काळ सामान्यतः इ. स. पू. ४ थ्या शतकाच्या पूर्वार्धात धरतात; तो सलग लिहिला गेला की टप्प्याटप्प्याने, याविषयी मतभेद आहेत. त्यात असा मुद्दा मांडला आहे की, ज्याला बासरी वाजवता येत नाही त्याच्यासाठी ती विकेपर्यंत संपत्ती नव्हे. वस्तू आणि ती वापरण्याचे कसब यांची ही सांगड पुढील अनेक ग्रंथकारांच्या नजरेतून निसटली, हे खेदाने नोंदवावे लागते. ॲरिस्टॉटलने ‘राज्यशास्त्र’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात खरी संपत्ती म्हणजे घराच्या व राज्याच्या उपयोगाची साधने असे म्हटले आणि अशा साधनांच्या गरजेला स्वाभाविक मर्यादा असते, पैशाच्या संचयाला मात्र ती नसते, असा भेद केला. पायात घालण्यासाठी आणि अदलाबदलीसाठी अशा दोन्ही प्रकारे जोड्याचा उपयोग होतो, हे त्याचे उदाहरण उपयोगमूल्य व विनिमयमूल्य यांच्या चर्चेत आजही दिले जाते. त्याच्या नावावर असलेला गृहव्यवस्थेवरील स्वतंत्र ग्रंथ मात्र बहुतेक अभ्यासक त्याचा मानत नाहीत.

घरातील टिकाऊ वस्तू हे भांडवल की उपभोग, हा या विषयातील सर्वांत लांबलेला वाद होय. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्ये समाजाच्या साठ्याचे तीन भाग पाडले आणि कपडे, घरसामान व राहती घरे यांना तात्काळ उपभोगासाठी राखलेल्या भागात टाकले. कपडे काही वर्षे, घरसामान अर्धे किंवा पूर्ण शतक आणि नीट राखलेली घरे अनेक शतके टिकू शकतात, हे त्याने स्वतःच नमूद केले होते; तरीही राहते घर राहणाऱ्याला उत्पन्न देत नाही म्हणून ते भांडवल नव्हे, हे मत त्याने सोडले नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशरने १९०६ मध्ये याच्या उलट भूमिका घेतली. त्याच्या मते एखाद्या क्षणी अस्तित्वात असलेली सर्व संपत्ती हे भांडवल आणि तिच्यापासून कालांतराने मिळत राहणाऱ्या सेवा हे उत्पन्न. मग त्या सेवांबद्दल कोणी रोख मोजो वा न मोजो. राष्ट्रीय लेखांकनाच्या, म्हणजे देशाच्या उत्पादन व उत्पन्नाच्या हिशेबाच्या, आंतरराष्ट्रीय प्रणालीने यात मधली, पण काहीशी विसंगत वाट धरली आहे. मालक स्वतः राहत असलेल्या घराचे आरोपित भाडे, म्हणजे तसेच घर भाड्याने घेतल्यास पडले असते ते भाडे, उत्पादनात मोजले जाते. शिवणयंत्र किंवा सुतारकामाची हत्यारे घरगुती वापरासाठी घेतली, तर तो खर्च खरेदीच्याच वर्षी उपभोग म्हणून संपतो आणि ताळेबंदाला जोडलेल्या पूरक नोंदीतच त्यांना जागा मिळते. सोने, रत्ने, कलावस्तू यांच्यासाठी १९९३ च्या आवृत्तीपासून ‘मौल्यवान वस्तू’ हा निराळा वर्ग आहे. कुटुंबाच्या दृष्टीने फिशरची मांडणी अधिक समर्पक वाटते, कारण स्वावलंबी घराचा बराचसा लाभ विक्रीतून नव्हे, तर न केलेल्या खर्चातून येतो.

या न केलेल्या खर्चाचे एक वैशिष्ट्य आहे. चलनवाढीत बाहेरच्या सेवेची किंमत चढली की घरच्या साधनाने वाचवलेली रक्कमही आपोआप वाढते, आणि तिच्यावर बहुधा प्राप्तिकर पडत नाही. विक्रीचा हिशेब मात्र निराळा असतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफने १९७० मध्ये दाखवून दिले की, वापरलेल्या वस्तूचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असल्याने चांगल्या वस्तूलाही कमी भाव येतो. त्यामुळे अवजारांकडे पुनर्विक्रीच्या आशेने पाहणे चुकीचे ठरते. वार्षिक खर्च काढताना खरेदीची किंमत, आयुर्मान आणि देखभाल हीच मुख्य पदे होत. तिप्पट किमतीला घेतलेले हत्यार दहापट टिकले आणि देखभालीचा खर्च तेवढाच राहिला, तर खरेदीच्या किमतीचा वर्षाला पडणारा वाटा तीन-दशांशावर येतो.

आयुर्मान मोठ्या अंशी राखणाऱ्याच्या हातात असते. पटाशीचे उदाहरण घ्यावे. तिची सपाट पाठ दगडावर एकदा नीट बसवली की पुढे उताराची बाजू घासायची, पाठीकडे धातूची बारीक लव उमटली की ती पाठ टेकवून काढायची आणि शेवटी पाते कोरडे पुसून त्यावर तेलाचा पातळ थर द्यायचा, एवढेच काम उरते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणपणे ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंज चढण्याचा वेग झपाट्याने वाढतो. म्हणून बंद पेटी आणि तेलाचे बोट यांनी जे साधते ते महागड्या पोलादानेही साधत नाही. दांड्याच्या लाकडाला जवसाचे तेल देतात; ते हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते, मात्र त्यात भिजलेले कापडाचे बोळे गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात, त्यामुळे ते पसरून वाळवणे आवश्यक असते. बिडाच्या भांड्यावरील काळा थर अशाच तऱ्हेने तापलेल्या तेलापासून बनतो आणि वापरागणिक पक्का होतो.

बियाणे ही या मत्तेतील जिवंत व म्हणून सर्वांत नाजूक बाब होय. साठवणीबाबत बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टनचे म्हणून ओळखले जाणारे ढोबळ नियम असे की, बियांतील ओलावा एका टक्क्याने घटला किंवा साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सियसने उतरले की आयुष्य सुमारे दुप्पट होते. ओलाव्याचा नियम ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यानच लागू मानतात. संकरित वाणाचे बी पुढच्या पिढीत मूळ गुण जसेच्या तसे देत नाही, तेव्हा दरवर्षी स्वतःचे बी राखू इच्छिणाऱ्या घराला सरळ वाणच उपयोगी पडतात. विद्युत्‌घटमालेलाही (बॅटरीलाही) असेच सतत लक्ष लागते: शिसे-आम्ल प्रकारची घटमाला उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक जमतात व तिची क्षमता कायमची घटते.

मौल्यवान धातूंवर विपुल लेखन झाले असल्याने येथे मोजकेच सांगणे पुरे. सोने गंजत नाही, पण काही कामही करत नाही. त्याचा भाव आणि ते बाळगण्याची मुभा दोन्ही बाहेरच्या हाती असतात. अमेरिकेत एप्रिल १९३३ च्या अध्यक्षीय आदेशाने नागरिकांना थोडी सूट वगळता सोन्याची नाणी व लगडी शासनाकडे जमा करायला लावल्या आणि तेथील निर्बंध १९७४ अखेरीस उठले. याउलट, नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत असताना जर्मन कुटुंबांनी रोकड हातात न ठेवता वस्तूंकडे घेतलेली धाव प्रसिद्ध आहे. त्या धावपळीत शहरी घरांनी खेड्यात नेऊन घरसामान धान्याच्या बदल्यात दिले. म्हणजे संकटात वस्तू उपयोगी पडली, पण घ्यावा लागलेला मोबदला समोरच्याने ठरवला.

सामान्य घरांत नेमके काय होते, हे १६ व्या ते १८ व्या शतकांतील इंग्लंडमधल्या मृत्यूनंतरच्या मालयाद्यांवरून बरेच कळते. अंथरुणे, पितळी भांडी, औते आणि हत्यारे यांची मोल लावून केलेली नोंद त्यांत असते. अगदी गरिबांच्या याद्या मात्र क्वचितच झाल्या, आणि घरी बनवलेल्या किंवा कमी मोलाच्या वस्तू पुष्कळदा ‘इतर किरकोळ सामान’ अशा एका ओळीत आटोपल्या आहेत.