ब्रॉयलरचं पीस चालत नाही

पुण्यात कोंबडीच्या पिसांना तोटा नाही. चिकनच्या कुठल्याही दुकानामागे दुपारपर्यंत त्यांचा ढीग साचलेला असतो. तरीही गळासाठी बनावट माश्या बांधणाऱ्याला त्या ढिगातलं एकही पीस धड उपयोगी पडत नाही. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांचा झाला की कापला जातो, म्हणजे तो वयातच आलेला नसतो. त्याच्या मानेवरची पिसं आखूड, मऊ, लवदार असतात. हवं असतं ते उकिरडे उकरत वाढलेल्या पूर्ण वयाच्या गावठी कोंबड्याच्या मानेचं लांब, निमुळतं, चकाकतं पीस.

बनावट माशी म्हणजे गळाच्या दांडीवर दोरा, पिसं, लोकर, केस गुंडाळून केलेला किडा. ती इतकी हलकी असते की भिरकावताही येत नाही. त्यामुळे या पद्धतीत जाड, वजनदार दोरी फेकतात आणि माशी तिच्या शेपटाला ओढली जाते. कला जुनी आहे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातल्या कोळ्यांचं वर्णन केलं आहे: गळाभोवती लाल लोकर आणि तिच्यावर कोंबड्याची दोन पिसं. आजची माशी याहून फार वेगळी नाही, आणि कोंबडा तर अजूनही तोच.

पिसाच्या मधल्या काडीला दोन्ही बाजूंनी तंतू असतात, त्या तंतूंना आणखी बारीक उपतंतू आणि उपतंतूंना सूक्ष्म आकडे. आकडे एकमेकांत अडकले की पिसाचा सलग पडदा होतो. उडायला तो उत्तम, पण असं पीस पाणी धरून ठेवतं. वयात आलेल्या कोंबड्याच्या मानेच्या पिसात, विशेषतः कडेच्या भागात, उपतंतू फारच कमी असतात. तंतू सुटे, ताठ आणि तुकतुकीत राहतात. असं पीस गळाभोवती आडवं गुंडाळलं की तंतू चहूबाजूंना उभे राहतात आणि त्यांच्या टोकांवर माशी पाण्यावर तोलली जाते. कोंबडीचं मऊ पीस बुडणाऱ्या माशीला लावतात, कारण ते पाण्यात हलत राहतं.

कोंबड्यासारखं पीस यायला नर-संप्रेरक लागतच नाही, हे मला या सगळ्यात सर्वांत मजेशीर वाटतं. खच्ची केलेल्या कोंबड्याचीही पिसं नराचीच राहतात आणि अंडाशय काढलेल्या कोंबडीला पुढच्या वेळी पिसं झडल्यानंतर नरासारखी पिसं येतात. म्हणजे मूळ आराखडा नराचा, आणि मादीचं इस्ट्रोजेन त्याला आवरून साधं, गोल पीस घडवतं. सेब्राइट जातीच्या कोंबड्यात त्वचाच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करून टाकते, म्हणून तो बांग देणारा नर असूनही कोंबडीच्या वेषात फिरतो.

आता पाणी. त्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन, म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण ५ मिलिमीटर लांबीचा, न भिजणारा तंतू पृष्ठभागावर आडवा टेकला, तर हिशोबाने तो दोन्ही कडा मिळून सुमारे ७३ मिलिग्रॅम भार पेलू शकतो. गळाला असे अनेक तंतू लावले की पोलादाचा गळ सहज तरंगतो. अट एकच, तंतू भिजता कामा नये. यासाठी काही जण बदकाच्या शेपटीजवळच्या तेलग्रंथीभोवतीची पिसं वापरतात. त्यांना तेल असतंच, शिवाय त्यांच्या दाट उपतंतूंत हवा अडकून राहते.

पण साबण आला की सगळा डाव उधळतो. साबणाच्या पाण्यात पृष्ठताण निम्म्याच्याही खाली येऊ शकतो. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो त्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. तसल्या पाण्यात तरंगती माशी बुडेल, आणि पाण्यावर चालणारे लांब पायांचे किडेही बुडतील.

या माश्या आपल्या डोळ्यांसाठी बांधलेल्या नसतात, हे लक्षात आलं की अर्ध्या गोष्टी सुटतात. पाण्यातून वर जाणारा प्रकाश उभ्या रेषेपासून ४८.६ अंशांपेक्षा जास्त तिरका असला, तर हवेत न जाता परत खाली फिरतो. त्यामुळे माशाला वरचं जग फक्त डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या गोल खिडकीतून दिसतं. खिडकीच्या पलीकडे सगळा आरसा, आणि त्यात नदीचा तळ. अर्धा मीटर खोलीवरच्या माशाची खिडकी साधारण १ मीटर १३ सेंटिमीटर व्यासाची असते. तो १० सेंटिमीटरपर्यंत वर आला की ती जेमतेम २३ सेंटिमीटर उरते. म्हणजे घासाकडे येताना त्याचं आकाश आक्रसत जातं.

प्रवाहाबरोबर वाहत येणारी माशी आधी आरशाच्या भागात असते. तिथे तिचं पाण्यावरचं अंग माशाला दिसतच नाही. दिसतात ते फक्त पिसाच्या टोकांनी पाण्याला पाडलेले खळगे, आरशात चमकणारे ठिपके. खऱ्या किड्याचे पायही असेच ठिपके पाडतात. मग खिडकीच्या काठावर आधी पंखांचं टोक उगवतं, शरीरापासून सुटलेलं, चपटं झालेलं. शेवटी सगळी माशी खिडकीत येते, तेव्हा तिच्यामागे उजळ आकाश असतं आणि ती बरीचशी काळी आकृतीच असते. तरंगत्या माशीच्या अंगाला बदामी रंग हवा की पिवळट, यावर तासन्‌तास भांडणारे लोक बहुधा एकमेकांनाच खूश करत असतात. ठिपके आणि पंखांची उंची जमली, तर बाकीचं माशाला फारसं ठाऊकही नसतं.

पाण्याखालच्या माशीचं मात्र तसं नाही. तिथे रंग दिसतो, आणि माशाला तो आपल्यापेक्षा जास्त दिसू शकतो. कार्प कुळातल्या गोल्डफिशच्या डोळ्यात चार प्रकारच्या रंगपेशी असतात, त्यातला एक प्रकार अतिनील प्रकाशाचा. पावसाळ्यात मुठा चहाच्या रंगाची झाली की हे सगळं व्यर्थ. तेव्हा ठसठशीत काळी माशीच बरी.

बांधण्याच्या कौशल्यात गाठीचं काम फार थोडं. वाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंज्यात, गळ पकडून दोऱ्याचे वेढे देत गेलं की घर्षणच सगळं धरून ठेवतं. ओढ्या बैलाचा कासरा खुंट्याला दोन वेढे देऊन एका हाताने रोखतात ना, तेच गणित. घर्षणांक ०.३ धरला, तर एका वेढ्याने ताण साधारण साडेसहापट कमी होतो आणि पाच वेढ्यांनी सुमारे १२,००० पट. शेवटची गाठ फक्त सुटं टोक अडकवण्यासाठी.

सामान पुण्यात मिळतं. बारीक मणी तुळशीबागेत, तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे, तरंगणारा फोम चपलांच्या कारागिराकडे. परदेशी पुस्तकं हरणाचे केस सांगतात, कारण त्यांच्यात हवेचे कप्पे असतात आणि ते तरंगतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ असल्यामुळे चितळ-सांबराच्या केसांचा विचारही नको. मोराच्या आपोआप गळालेल्या पिसांना देशात सूट आहे, आणि त्यांचे हिरवे झगमगते तंतू फार कामाचे. तो हिरवा रंग नुसत्या रंगद्रव्याचा नाही. तंतूंतल्या मेलॅनिन या रंगद्रव्याच्या सूक्ष्म कांड्या ठरावीक अंतरावर रचलेल्या असतात आणि त्या रचनेतून तो उमटतो.

सर्वांत हवंहवंसं पीस तर सह्याद्रीतच फिरतं. ताम्हिणीत पहाटे आरवणारा राखी रानकोंबडा, गॅलस सोनेराटी. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके असतात. व्हिक्टोरियन काळातल्या सामन माशासाठीच्या भपकेबाज माश्यांना डोळे म्हणून हे ठिपके लावत. आता त्याची शिकार आणि व्यापार बंद आहे. ब्रिटनमध्ये पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. या नादाचं वेड कुठवर जाऊ शकतं? २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातून एका तरुणाने पक्ष्यांचे २९९ नमुने चोरले, माश्या बांधणाऱ्यांना पिसं विकण्यासाठी. त्यातले काही निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी गोळा केलेले होते.

कोणती माशी बांधायची हे शेवटी नदी ठरवते. मुळशीच्या वरच्या ओढ्यांत दगडांखाली मेफ्लाय या नाजूक पंखांच्या किड्याच्या अळ्या असतात. त्यांना कल्ल्यांनी श्वास घ्यायला स्वच्छ, वाहतं पाणी लागतं. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा हा एकमेव कीटकगट, म्हणून पंख आधी धुरकट आणि मग काचेसारखे, आणि दोन्हींसाठी वेगळी माशी. पुढे शहरात, संगम पुलाच्या खाली, हे किडे शोधून सापडायचे नाहीत. तिथल्या काळ्या गाळात कायरोनॉमस गटातल्या लालभडक अळ्या वळवळतात. त्या लाल असतात हिमोग्लोबिनमुळे, आणि ते असतं ऑक्सिजन कमी असलेल्या गाळात तगून राहायला. मोठी झाली की हीच चिलटं संध्याकाळी दिव्याभोवती घोंगावतात, चावत मात्र नाहीत. चिलापीला या अळ्या आवडतात. गळावर लाल दोरा आणि वर तांब्याच्या तारेचे सुटे वेढे, एवढ्यात त्यांची माशी तयार. अशी माशी पुण्यात चालते, यात पुण्याचं कौतुक काही नाही.

या नदीचा मूळ मानकरी मात्र खुद्री महाशीर. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक विल्यम साइक्स यांनी १८३९ साली या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. स्थानिक नाव त्यांनी तसंच ठेवलं, म्हणून आज ती टोर खुद्री. लोणावळ्याला टाटांच्या वीजप्रकल्पाच्या तलावाकाठी गेली अनेक दशकं तिची पिल्लं वाढवली जातात. महाशीर किडे खाते, छोटे मासे खाते आणि काठावरच्या झाडांची गळालेली फळंही गिळते. तेव्हा तिच्यासाठी तांबूस फोमची गोल गोळी गळावर बसवून उंबर बांधला तरी हरकत नाही. तो टप्पकन पडला पाहिजे, एवढंच.