दोन गोळ्यांनी दुप्पट रक्त होत नाही

पहाटे कापूस वेचायला निघणाऱ्या घरात मिठाच्या डब्यामागे लोहाच्या लाल गोळ्यांचं पाकीट सापडतं. चार खळगे रिकामे, बाकी भरलेले. का सोडल्या विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'गोया गरम पडतस', म्हणजे गोळ्या गरम पडतात. मळमळ, पोटात कळ, बद्धकोष्ठ आणि काळी शौच या सगळ्याला मिळून दिलेलं हे नाव आहे. तक्रार खोटी नाही. जे लोह शोषलं जात नाही ते आतड्यात पडून राहतं, बराचसा त्रास त्याचाच. काळी शौचही त्यामुळेच, तिला घाबरायचं कारण नाही.

सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं रक्तात जातं थोडंच. आतड्याच्या अस्तरातली पेशी लोह आत घेते, पण रक्ताच्या बाजूला सोडायला तिच्याकडे एकच दार आहे: फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन. त्या दारावर हुकूम चालतो यकृताचा. रक्तात लोह वाढलं की यकृत हेप्सिडिन सोडतं. अवघ्या २५ अमिनो आम्लांचं हे संप्रेरक फेरोपोर्टिनला चिकटतं आणि पेशी स्वतःचंच दार आत ओढून मोडून टाकते. लोह पेशीतच अडकतं. तीन ते पाच दिवसांत पेशी झडते, लोहासकट बाहेर जाते. एका गोळीनंतर हेप्सिडिन साधारण २४ तास चढलेलं राहतं, ४८ तासांत उतरतं. म्हणून राहिलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घेतल्या की मळमळ वाढते, रक्त त्या हिशेबाने वाढत नाही. लोह कमी असलेल्या बायकांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोजच्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेल्या गोळ्यांमधून जास्त लोह शोषलं गेलं. तापात, जंतुसंसर्गातही हेप्सिडिन चढतं.

ज्यांना रोजची गोळी सोसत नाही त्यांनी ती बंद करण्याआधी दिवसाआड चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं. गरोदर बाईने मात्र आपल्या मनाने बदल करू नये. तिला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी सांगितलेली असते.

खरा अडसर चहाचा. त्यातली टॅनिनं लोहाला बांधून टाकतात. गोळी आणि चहा यांत किमान एक-दीड तास जाऊ द्यावा. दूध आणि कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर रात्री जेवणानंतर, पाण्यात लिंबू पिळून घ्यावी.

पाळीत ४० मिलिलिटर रक्त गेलं तर सुमारे २० मिलिग्रॅम लोह जातं. ते बिटाच्या लाल रंगाने भरून येत नाही, रावेर-यावलच्या केळ्यांनीही नाही. केळ्यात लोह नावालाच. 'आठ दिवसांत रक्त' सांगणाऱ्या टॉनिकवाल्यांनी तर हेप्सिडिनचं नावही ऐकलेलं नसावं. हिमोग्लोबिन १२ वर आलं तरी गोळ्या पुढे साधारण तीन महिने लागतात, कारण यकृतातला साठा त्यानंतर भरतो.

नंदुरबारकडे, सातपुड्यातल्या पाड्यांवर, एक तपासणी आधी हवी: सिकलसेल. तिथे रक्त कमी असण्याचं कारण लोहच असेल असं नाही. सिकलसेलमुळे तांबड्या पेशी वाकड्या होऊन लवकर फुटत असतील तर कमतरता नसताना दिलेलं लोह उपयोगी पडत नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्या बाईच्या शरीरात ते आधीच साचलेलं असू शकतं.