सीटी नॉर्मल, पेशंट झोपेत: दोन्ही थॅलॅमसच्या स्ट्रोकची पार्श्वभूमी

थॅलॅमस म्हणजे मेंदूच्या मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक असलेला, जाग सांभाळणारा भाग. त्याच्या स्ट्रोकचं वर्णन 1906 सालीच फ्रान्समध्ये झालं होतं, पण ते एका बाजूच्या थॅलॅमसचं. दोन्ही बाजू एकदम कशा जातात याचा उलगडा 1973 नंतरचा: काही लोकांत मागच्या मेंदू-धमनीच्या एकाच बाजूकडून एकच बारीक वाहिनी निघते आणि दोन्ही थॅलॅमसना तीच रक्त पुरवते. हीच पर्शेरॉनची धमनी (वर्णन करणाऱ्या डॉक्टरचं नाव), ती बुजली की एका गुठळीत दोन्हीकडचं काम बंद.

घोळ इथंच होतो. तोंड वाकडं नाही, हातपाय बऱ्याचदा चालू, पेशंट नुसता झोपलेला. चिमटा काढला की डोळे उघडतो, नाव सांगतो, परत घोरायला लागतो. पापणी वर धरून बोट वर नेलं तर नजर बोटामागे वर जात नाही, आणि हे बघायला एक मिनिट लागत नाही पण बघतं कोण. जत-आटपाडीकडून मिरजेला आणलेल्या अशा पेशंटवर पहिला संशय साखरेचा, मग दारूचा, तासगाव भागात द्राक्षाचा सीझन असला तर फवारणीच्या औषधाचा. साखर तर आधी बघायलाच पाहिजे, त्यात वाद नाही.

वाद सीटीनंतरचा. 1971 ला सीटी आला तेव्हापासून मेंदूतला रक्तस्राव लगेच दिसायला लागला, पण रक्त अडून झालेला छोटा स्ट्रोक पहिल्या काही तासांत त्यात बऱ्याचदा दिसतच नाही. तरी ‘सीटी नॉर्मल’ असा रिपोर्ट आला की नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात आणि कधीकधी डॉक्टरपण. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनचा फायदा 1995 ला दिसला तो 3 तासांच्या आत, 2008 ला ती मुदत साडेचार तासांवर गेली. म्हणजे नजर तपासून इंजेक्शन द्यायचं का एमआरआयची वाट बघायची? थांबा म्हणणाऱ्यांचं कारण खरं आहे, इंजेक्शनने रक्तस्राव होऊ शकतो आणि थायमिन कमी पडणं, मेंदूतल्या खोल शिरेतली गुठळी, जपानी मेंदूज्वर यांतही दोन्ही थॅलॅमस सुजतात. पण ज्या गावात एमआरआय आहे तिथं उद्या सकाळी बघू म्हणणं मला तरी पटत नाही, 1990 च्या दशकात आलेल्या डिफ्युजन एमआरआयवर हा स्ट्रोक बहुतेक वेळा काही तासांतच दिसतो.

अँजिओग्राफीत ही धमनी बऱ्याचदा दिसत नाही, इतकी बारीक. तेवढ्यावरून निदान खोडू नये. कॅथेटरने गुठळी काढायची सोय आता झालीय, पण ती मोठ्या वाहिन्यांसाठी, या धमनीत ती तार शिरतच नाही.